कन्नड दानपत्रातली एक ओळ: निपाणीतल्या एका आक्कांचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खोटी नावं घालण्यापेक्षा नात्यांनीच बोलतो: आक्का, थोरला, धाकटा, लेक, सून. मी निवृत्त शिक्षक आहे, वकील नाही. विधी सेवा समितीकडे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलंय, म्हणून अशी माणसं माझ्याकडं येतात. या प्रकरणात माझ्या हातून झालेल्या दोन चुकाही पुढं लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

आक्का 71 वर्षांच्या. सगळा जन्म निपाणीत गेला. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, तंबाखूच्या वखारीत तोलार होते, आक्का घरी बसून विड्या वळायच्या. 1981च्या तंबाखू आंदोलनात महामार्गावर ठिय्या मारलेल्या बायांत त्या होत्या, हे त्या अजून न विचारता सांगतात.

घर त्यांच्या नावावर होतं. मालकांनी जागा घेतली तेव्हा म्हणाले होते, "बाईच्या नावावर असू दे, माझा भरवसा माझा मलाच न्हाई." चार खोल्या, मागं न्हाणी, परड्यात शेवगा. नवऱ्यानं पैसे घातले तरी खरेदी बायकोच्या नावानं होती, त्यामुळं 2014मध्ये मालक वारल्यावर वारसांच्या वाटणीचा प्रश्न या घरापुरता आलाच नाही. पुढच्या प्रकरणात याचा फार उपयोग झाला. घर मालकांच्या नावावर असतं तर आक्का आणि तीन पोरं असे चार हिस्से पडले असते, आणि आक्कांना फक्त स्वतःचा चौथा हिस्सा देता आला असता.

थोरला कागलच्या एमआयडीसीत, तिथंच भाड्यानं राहतो. लेक गडहिंग्लजला दिलेली. धाकटा निपाणीतच, मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. 2019मध्ये त्याला घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढायचं होतं, म्हणून एका सौहार्दकडं, म्हणजे सहकारी पतसंस्थेकडं, कर्ज मागितलं. सौहार्दवाल्यांनी उतारा त्याच्या नावावर मागितला. घरच्या घरात दान म्हटलं की कर्नाटकात मुद्रांक शुल्क ठरावीक आणि थोडं लागतं, त्यामुळं एका दुपारीच काम उरकलं. दानपत्र कन्नडमध्ये. आक्का मराठी तिसरी शिकलेल्या. कागदाच्या शेवटी "वाचून दाखवलं, समजलं, मान्य आहे" असं छापलेलं आहे. आक्कांच्या लक्षात आहे ते एवढंच: "आक्का, हितं सही. आता हितं."

अडचण कशी वाढत गेली

तीनेक वर्षं बरी गेली. सुनेनं कोविडच्या काळात आक्कांचं अंथरुण-पांघरुण केलं, हे आक्का स्वतः कबूल करतात. पैशावरून बिनसलं ते 2023 साली. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आक्कांचं नाव होतं, म्हणून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 रुपये त्यांच्या खात्यावर यायला लागले. संध्या सुरक्षा या म्हातारपणाच्या पेन्शनचे 1,200 आधीपासून येत होते. खातं आक्कांचं, पण एटीएम कार्ड धाकट्याच्या पाकिटात आणि बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबरही त्याचाच. आक्कांनी एकदा गोळ्यांसाठी पैसे मागितले, तर "घरात खातीस ते काय फुकट येतंय?" असं ऐकावं लागलं.

पुढच्या दोन खोल्या दुकानाला आणि पोरांना गेल्या. आक्कांची खाट न्हाणीशेजारच्या अडगळीच्या खोलीत गेली. दिवाळीनंतर धाकट्यानं "चार दिवस ताईकडं जाऊन ये" म्हणून गडहिंग्लजच्या गाडीत बसवलं. आठ दिवसांनी फोन केला तर "आत्ता नको, रंगकाम काढलंय." संक्रांतीला आक्का आपल्या आपण आल्या, तेव्हा पुढच्या दाराला नवं कुलूप होतं. त्या दिवशी त्या पायरीवर तीन तास बसल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. शेजारणीनं चहा दिला. बाकी गल्लीनं बघून घेतलं.

माझ्याकडं त्या आल्या तेव्हा लेकीकडं राहून त्यांना अकरा महिने होत आले होते. साल 2024. लेकीच्या सासरी कुणी काही बोलत नव्हतं, पण आक्का सकाळचा चहा अर्धाच घ्यायच्या. "दूध त्यांच्या घरचं हाय मास्तर," असं म्हणाल्या.

कोर्टाच्या आधी बँक

पहिला निर्णय कायद्याचा नव्हताच. धाकट्याशी बोलायच्या आधी आक्कांना घेऊन बँकेत गेलो. जुनं एटीएम कार्ड बंद केलं, मोबाईल नंबर लेकीचा लावला, पासबुक भरून घेतलं. अकरा महिने दर महिन्याला पैसे आले होते आणि दर महिन्याला निघाले होते. आमच्या हातातल्या कागदांत हे पासबुक बोलकं होतं.

क्रम उलटा झाला असता, म्हणजे आधी नोटीस आणि मग बँक, तर मधल्या दिवसांत काय झालं असतं ते सांगायला नको. अशी प्रकरणं घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: कार्ड कुणाकडं आहे आणि ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

"प्रेमानं दिलंय, मग सुटलं"

गडहिंग्लजला आक्कांना दोघा जाणत्यांनी सांगितलं होतं की दानपत्र झालं म्हणजे विषय संपला. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, 2007 याच्या कलम 23 मध्ये दान रद्द करून मिळण्याची सोय आहे, पण तिला अट आहे. कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठानं मालमत्ता दिलेली असावी, घेणाऱ्यानं मूलभूत गरजा भागवायच्या या अटीवर दिलेली असावी, आणि मग त्यानं त्या भागवायला नकार दिलेला असावा किंवा त्या भागवलेल्या नसाव्यात. तसं असेल तर ते हस्तांतर फसवणुकीनं किंवा दबावाखाली झालं असं मानून ज्येष्ठाच्या मागणीवर रद्द ठरवता येतं. डिसेंबर 2022मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अशी अट होती हे दिसायला हवं. आई-बापांनी मायेनं दिलं म्हणजे सांभाळायची अट आपोआप आली, असं धरता येत नाही.

मीही दान विनाअट आहे असंच धरून चाललो होतो. पहिले पंधरा दिवस मी फक्त पोटगीचा अर्ज डोक्यात ठेवला. ही माझी पहिली चूक, कारण दानपत्र कुणी वाचलंच नव्हतं. मूळ कागद सौहार्दकडं तारण होता, झेरॉक्स धाकट्याकडं, आणि जो तो सांगत होता ते ऐकीव. निपाणीत निम्म्या घरांत हीच गत आहे: बोलणं मराठी, भांडण मराठी, हिशेब मराठी, आणि सगळं आयुष्य ज्यावर उभं आहे तो कागद कन्नड. कागदाचं कपाट उघडलं की माणूस आपल्याच घरात परका होतो.

दानपत्र लिहून देणारी बाई स्वतः आक्काच, त्यामुळं नोंदणी कार्यालयातून दाखल्याची नक्कल मागायचा त्यांना हक्क. अर्ज केला, नक्कल मिळाली. बरोबर ईसीही काढली, म्हणजे घरावर कोणकोणते बोजे आहेत ते कळावं म्हणून. ईसीत सौहार्दचं एकच तारण दिसलं. घर विकलेलं नव्हतं.

नक्कल घेऊन माझ्या ओसरीवर बसलो. माझं कन्नड बाजारापुरतं: भाव विचारावा, बसची पाटी वाचावी, एवढंच. शेजारचा नववीतला पोरगा कन्नड माध्यमात शिकतो, त्याला हाक मारली. तो खडाखडा वाचत गेला आणि मी जमेल तसं मराठीत उतरवत गेलो. चतुःसीमा, शेवग्याचं झाडसुद्धा. मग "प्रीती विश्वासदिंद" आलं आणि मी मनात म्हटलं, झालं, हेच ते प्रेमानं दिलेलं. पोरगा थांबला नव्हता. दुसऱ्या पानावर सर्व्हे नंबर आणि साक्षीदारांच्या मध्ये एक वाक्य होतं, त्याच्या शेवटी "जीवितावधियवरेगे" आणि "योगक्षेमवन्नु नोडिकोळ्ळतक्कद्दु" असे शब्द. पोरगा म्हणाला, "मास्तर, म्हणजे आज्जी जिवंत असूपर्यंत त्यांचं सगळं बघायला पायजे."

मी त्याला ते तीनदा वाचायला लावलं. आक्का विचारत होत्या, "काय झालं? काय लिवलंय?" लिहिणाऱ्यानं आपल्या नेहमीच्या मसुद्यातली ओळ सवयीनं घातली असावी. आक्कांना ती ठाऊक नव्हती, आणि पुढं कळलं की धाकट्यालाही ठाऊक नव्हती.

कोणत्या दारात जायचं

सीमाभागात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अवघड असतो. कायदा देशभर एकच, पण दारं वेगवेगळी. ज्येष्ठ माणूस राहतो किंवा शेवटी राहिला तो जिल्हा, किंवा मूल राहतं तो जिल्हा, यांपैकी कुठंही अर्ज करता येतो. म्हणजे आक्कांना तीन दारं उघडी होती: गडहिंग्लजचा प्रांत, थोरला राहतो त्या कागलसाठीचा प्रांत, आणि निपाणीसाठी चिकोडीचं उपविभागीय कार्यालय. या कायद्याचं न्यायाधिकरण याच अधिकाऱ्यांकडं असतं. चिकोडीला असिस्टंट कमिशनर बसतात, म्हणून आपल्याकडं लोक त्याला सरळ "एसीकडं" म्हणतात.

लेकीचं म्हणणं गडहिंग्लज. जवळ पडतं, सगळं मराठीत चालतं, साहेबाशी बोलता येतं. मला तो मोह कळत होता. पण घर निपाणीत, उतारा निपाणीच्या नगरपालिकेत, नोंदणी कर्नाटकात, तारण कर्नाटकातल्या सौहार्दकडं. महाराष्ट्रातून दान रद्दचा आदेश आणून इथल्या दप्तरी तो चढवायचा म्हणजे नवं दुखणं. शिवाय आक्कांचं पेन्शन आणि गृहलक्ष्मी कर्नाटकातल्या रहिवासावर आहे. गडहिंग्लजच्या पत्त्यावर अर्ज केला असता तर "बाई तिकडंच राहतात" हे आपणच लिहून दिल्यासारखं झालं असतं. चिकोडी ठरलं. आणखी एक बारीक फायदा: निपाणीहून चिकोडीला कर्नाटकच्या बसमध्ये आक्कांना शक्ती योजनेत शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. तारखांच्या खेपा मोजल्या तर हे बारीक राहत नाही.

भाषेचं काय? संविधानाच्या कलम 350 नुसार केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडता येतं. त्यामुळं मराठी अर्ज द्यायला हरकत नव्हती. आम्ही आक्कांचं म्हणणं मराठीत त्यांच्या शब्दांत लिहिलं आणि सोबत कन्नड भाषांतर जोडलं. नुसता मराठी अर्ज हक्काचा होता खरा, पण आक्कांना हक्क सिद्ध करून दाखवायचा नव्हता, त्यांना निवाडा हवा होता, आणि तो कन्नडमध्ये लिहिला जाणार होता. या मुद्द्यावर माझ्याच दोन मित्रांनी मला नावं ठेवली. ठेवू देत.

कन्नड मसुदा विधी सेवा समितीच्या वकिलांनी करून दिला. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, हे फार जणांना माहीत नसतं. न्यायाधिकरणापुढं वकील उभा राहण्याला 2007च्या ज्येष्ठांच्या कायद्याचं कलम 17 आडवं येतं, आणि त्यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत वाद झाले आहेत. आम्ही त्या वादात गेलोच नाही. आक्का स्वतः बोलणार, मी शेजारी बसणार.

काय मागायचं

इथं दोन संध्याकाळी गेल्या.

पोलिसांत जाता आलं असतं. ज्याची जबाबदारी आहे त्यानं ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडलं तर कलम 24 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, आणि गुन्हा दखलपात्र. आक्का एका वाक्यात उठल्या: "पोराला आत घालायला मी आलेय व्हय?" तो विषय मिटला.

दिवाणी दावा म्हणजे वर्षं, फी आणि वकील. फौजदारी कोर्टातली पोटगी, म्हणजे पूर्वीचं कलम 125 आणि 1 जुलै 2024पासून नव्या संहितेचं कलम 144, हाही रस्ता होता. पण ती आणि 2007च्या कायद्याखालची पोटगी दोन्ही एकदम मागता येत नाही, एक निवडावी लागते. न्यायाधिकरणात नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि फार तर एकदा 30 दिवस वाढ, म्हणून तेच निवडलं.

मग खरी अडचण: दान रद्द करून घर परत मागायचं, की फक्त राहायला जागा आणि खर्च? ओळ सापडल्यावर मी चढलो होतो. माझं मत सरळ कलम 23. वकिलांनी मला तीन गोष्टी विचारल्या. घर परत आलं तर सौहार्दचं कर्ज कोण फेडणार? दुकान बंद पडलं तर आक्कांच्या खर्चाचे पैसे धाकटा कुठून देणार? आणि सुनेचं काय? 2020मध्ये बेंगळुरूच्याच एका प्रकरणात, एस. वनिता यांच्या, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा घरात राहण्याचा हक्क पुसता येत नाही, दोन्ही कायदे जुळवून बघावे लागतात. इथं सून आणि दोन शाळकरी पोरं त्याच घरात.

शेवटी आक्कांना विचारलं, आक्का, तुम्हाला नक्की काय पाहिजे? त्यांना पुढची खोली पाहिजे होती. स्वतंत्र दार असलेली, स्वतःची शेगडी ठेवता येईल अशी. "किल्ली माझ्याकडं पायजे," हे त्या दोनदा म्हणाल्या. घर नावावर पाहिजे असं एकदाही नाही.

अर्जात आम्ही दोन्ही लिहिलं: राहण्याची सोय आणि दरमहा खर्च, आणि ते न झाल्यास कलम 23 खाली दान रद्द. लेकीनं खर्चाची यादी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून आणली: साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या, दूध, धान्य, गॅस, दवाखाना. बेरीज 5,800. कायद्यात महिना 10,000 ही वरची मर्यादा आहे, म्हणून तेवढेच मागा असं काही जण सांगत होते. आम्ही 6,000 मागितले. यादीतून निघालेल्या आकड्यावर कुणी घासाघीस करत नाही, असा माझा अनुभव.

अर्जात एक गोष्ट राहिली, ती माझी दुसरी चूक. प्रकरण चालू असतानाच्या काळासाठी अंतरिम खर्च मागता येतो, कलम 5 मध्येच आहे. मी दानपत्राच्या ओळीत एवढा गुंतलो होतो की ती मागणी लिहिलीच नाही. पुढचे तीन महिने गोळ्यांचे पैसे लेकीनं घातले.

तारखा आणि समझोता

पहिल्या तारखेला धाकटा आला नाही. दुसऱ्या तारखेला आला तो अर्ज घेऊनच: "मी एकटाच का? थोरल्यालाही घ्या, बहिणीलाही घ्या." कायद्यानं त्याला तो अधिकार आहे. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं, सगळीच "मुलं" या व्याख्येत येतात. लग्न झालेली लेक सुटत नाही. जिनं वर्षभर आईला सांभाळलं तिलाच नोटीस लागली, आणि ती ओसरीवर बसून रडली. सून मात्र या व्याख्येत येत नाही.

खरं तर या चालीनं आमचंच काम सोपं केलं. थोरला तोवर "माझ्या नावावर काय केलंय?" म्हणून कागलात निवांत होता. त्याला आता चिकोडीला यावं लागलं. आईचा सांभाळ मालमत्तेच्या बदल्यात नसतो, आई आहे एवढ्यावरच मुलावर जबाबदारी येते, हे त्याला तिथं समजावून सांगण्यात आलं.

मधे 2 जानेवारी 2025ला सर्वोच्च न्यायालयाचा उर्मिला दीक्षित प्रकरणातला निकाल आला. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचायचा, आणि कलम 23 खाली न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं, असं त्यात आहे. तिथंही सांभाळ करण्याचं लेखी वचन होतं. आमच्या हातात तर ते दानपत्रातच होतं.

समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढं बसलो तेव्हा धाकटा म्हणाला, "आईनं मायेनं दिलंय. अट-बिट काय न्हाई." अधिकाऱ्यांनी नक्कल त्याच्याकडं सरकवली आणि दुसरं पान उघडून दिलं. धाकट्याला दुकानामुळं कन्नड चांगलं येतं. त्यानं ती ओळ मनातल्या मनात वाचली, मग बोट ठेवून परत वाचली. नंतर तो आईकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, "हे तुम्ही नंतर घातलंय काय?" नोंदणीचा शिक्का त्याच पानावर होता.

त्यानंतर बोलणी अर्ध्या तासात झाली. पासबुक काढायचीही वेळ आली नाही.

निकाल

फेब्रुवारी 2025मध्ये आदेश झाला, समझोत्याप्रमाणे. पुढची एक खोली आक्कांना, रस्त्याकडचं दार आणि किल्ली त्यांच्याकडं, न्हाणी-संडास सामाईक. धाकट्यानं महिना 3,500 आणि थोरल्यानं 2,500 दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत आक्कांच्या खात्यावर भरायचे. दवाखान्याचा मोठा खर्च दोघांत निम्मा. लेकीवर रोख काही नाही. दान रद्द झालं नाही. आक्कांच्या संमतीशिवाय घर विकायचं नाही किंवा नव्यानं तारण ठेवायचं नाही, आणि समझोता मोडला तर कलम 23 खाली पुन्हा यायची मुभा.

एक गोष्ट आम्ही हट्टानं करून घेतली. आक्कांच्या हयातभर राहण्याच्या हक्काचा वेगळा करार करून तो नोंदवला. आदेश कपाटात राहतो. नोंदलेला करार ईसीत दिसतो. उद्या कुणी घर घ्यायला आलं किंवा कर्ज द्यायला बसलं तर त्याला तो दिसल्याशिवाय राहत नाही.

गुढीपाडव्याच्या आधी आक्का घरी आल्या. लेकीनं दोन बर्नरची शेगडी दिली. दुकान एका खोलीत आकसलं, त्याचा राग सुनेच्या चेहऱ्यावर अजून आहे. ती आक्कांशी बोलत नाही. नातवंडं मात्र शाळेतून आली की आधी आज्जीच्या दारानं आत शिरतात.

आज वेगळं काय केलं असतं

नक्कल पहिल्याच दिवशी. हे वर आलंच आहे. अंतरिम खर्च अर्जातच. तेही.

सौहार्दला आम्ही शेवटपर्यंत काही कळवलं नाही. ईसीत तारण दिसल्यावर लगेच एक पत्र पाठवायला हवं होतं की या घराबद्दल ज्येष्ठ नागरिकाचा अर्ज दाखल आहे. त्या दोन-तीन महिन्यांत धाकट्यानं कर्ज वाढवून घेतलं असतं तर आमचा सगळा डाव विस्कटला असता. घेतलं नाही, एवढंच.

आणि सुनेशी कुणीच बोललं नाही. कायद्यानं तिच्यावर जबाबदारी नव्हती म्हणून तिला बैठकीलाही बोलावलं नाही. पण रोजचं पाणी, गॅस, न्हाणीची पाळी हे सगळं तिच्या हातात. कोविडात आक्कांचं तिनं केलं होतं, ते चिकोडीत कुणाच्या तोंडून निघालं असतं तर आज बोलचाल तरी असती, असं मला वाटतं. आक्कांना मात्र तसं वाटत नाही.

2019मध्ये काय करायला हवं होतं, हेही विचारलं जातं. कर्जासाठी आक्कांनी जामीनदार राहून घर स्वतःच्या नावावर ठेवता आलं असतं. किंवा मृत्युपत्र, जे हयातीत केव्हाही बदलता येतं. द्यायचंच होतं तर दानपत्रात राहण्याचा हक्क राखून ठेवल्याचं स्वच्छ मराठीत समजावून, मग कन्नडमध्ये लिहून. सवयीनं पडलेल्या एका ओळीवर म्हातारपण तोलायला नको होतं.

सध्या

धाकटा 12-13 तारखेपर्यंत का होईना, पैसे भरतो. थोरल्यानं मे आणि जूनचे बुडवले. थकलेली रक्कम देय झाल्यापासून 3 महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. अर्ज लिहून त्याची प्रत व्हॉट्सॲपवर थोरल्याला पाठवली, तेव्हा त्याच रात्री दोन्ही महिन्यांचे जमा झाले. चिकोडीला जावं लागलं नाही.

आक्कांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या 10 तारखेला मी पेन्सिलीनं गोल करून ठेवलाय. पैसे आले की नातू पासबुक बघून त्या गोलात "थो" आणि "धा" अशी दोन अक्षरं लिहितो. गेल्या वेळी गेलो तेव्हा गोलात नुसतं "धा" होतं आणि तारीख होती 14. आक्का किल्लीच्या दोरीला गाठ मारत म्हणाल्या, "अजून आठ दिस बघू. मग लिवा मास्तर."